टिंबापुढचा आकडा

निफाड-पिंपळगावकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात झिंक सल्फेट मागा, दुकानदार विचारतो, "एकवीस देऊ की तेहतीस?" एका पिशवीवर २१ टक्के झिंक छापलेलं असतं, दुसरीवर ३३. दुसरी महाग. का महाग, तर "हे स्ट्राँग आहे," एवढंच उत्तर मिळतं. मग गिऱ्हाईक मनाशी धरून चालतं की पहिलीत काहीतरी भेसळ असणार. आमच्या घरातही हा वाद झालेला आहे, माझ्या दिरांचा द्राक्षबाग आहे म्हणून. दोन्ही पिशव्यांत रसायन तेच. फरक फक्त पाण्याचा: २१ टक्क्यांच्या मालात एका झिंक सल्फेटमागे सात पाणी आहेत, ३३ टक्क्यांच्या मालात एक. जस्त कमी असलेल्या जमिनीला हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट सांगतात, ते पहिल्या पिशवीच्या हिशेबाने. तेवढंच जस्त दुसऱ्या पिशवीच्या १६ किलोंत बसतं. बाकीचे नऊ किलो पाणी तुम्ही टेम्पोत घालून घरी आणता.

"पण ते तर कोरडं आहे!" दीर म्हणाले होते. बरोबर आहे, कोरडंच आहे. हाताला ओल लागत नाही, कागदावर ठेवलं तर डाग पडत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचे, आणि दर वर्षी पहिली अडचण हीच यायची. पाणी म्हटलं की मुलांना ओलसरपणा दिसतो. पोत्यात पावसाचं पाणी शिरलं तर ते कितीही शिरेल, त्याला हिशेब नाही. स्फटिकजलाचं तसं नसतं. स्फटिक जमतानाच पाण्याचे रेणू ठरावीक संख्येने, ठरावीक जागी बसतात आणि स्फटिकाच्या बांधणीचा भाग होतात. मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, निळा खडा घ्या. त्याच्या शंभर ग्रॅममधले ३६ ग्रॅम पाणी. तुरटीत ४५ ग्रॅमहून जास्त. धुण्याच्या सोड्याचे मोठे पारदर्शक खडे असतात त्यांत तर जवळजवळ ६३ ग्रॅम, म्हणजे सोडा कमी आणि पाणीच अधिक.

तुरटीचं उदाहरण बहुतेक घरांत पाहिलेलं असतं. आजी तुरटीची लाही करायची. तव्यावर खडा ठेवला की तो आधी स्वतःच्याच पाण्यात विरघळतो (९२ अंशांच्या आसपास), मग बुडबुडे, मग सगळं फुगून पांढरा भुसभुशीत गोळा. आजीला सूत्र माहीत नव्हतं, पण लाही झाली कधी म्हणायची हे पक्कं माहीत होतं: तडतड थांबली की.

पुस्तकात हे पाणी सूत्राच्या शेवटी एक टिंब देऊन लिहितात. टिंबाच्या अलीकडे क्षार, पलीकडे पाणी, आणि पाण्याच्या आधी एक आकडा. मोरचुदाला ५, तुरटीला १२, हिराकसाला ७, धुण्याच्या सोड्याला १०. मुलं हे पाढ्यांसारखं पाठ करतात. हा आकडा आला कुठून, असं विचारलं की वर्गात शांतता. "मॅडम, बाटलीवर लिहिलेलं असतं." बाटलीवर लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं?

ते तराजूने सांगितलं. त्यासाठी लागतं फार थोडं: झाकणाची चिनीमातीची मूस, तिवई, बर्नर, लांब चिमटा, डेसिकेटर आणि बऱ्यापैकी तराजू. आधी रिकामी मूस झाकणासकट तापवायची, गार करायची आणि तोलायची. तापवायची कशाला, ती तर रिकामी आहे, असं प्रत्येक तुकडीत कुणीतरी म्हणतं. पण मुशीलाही दमट हवेतलं पाणी चिकटलेलं असतं, आणि ते नंतर मोरचुदाच्या नावावर जमा होतं. समजा मूस भरली २४.३६ ग्रॅम. तिच्यात बारीक केलेला मोरचूद घातला आणि वजन झालं २६.८६. म्हणजे मोरचूद अडीच ग्रॅम.

आता आच. सुरुवातीला मंदच, नाहीतर आतलं पाणी एकदम उसळतं आणि कण उडतात. झाकण किंचित तिरपं ठेवायचं, वाफेला वाट मिळेल इतकं. थोड्या वेळाने कडेचा निळा रंग फिकट होत जातो, मग पांढुरका, आणि ती पांढरी कड हळूहळू मध्याकडे सरकते. मध्यावर निळा ठिपका बराच वेळ टिकून राहतो. मुलं त्या ठिपक्याकडे बघत बसतात आणि तो गेला की "झालं!" म्हणून बर्नर बंद करतात.

झालेलं नसतं. पाण्याचे पाचही रेणू एकाच वेळी निघत नाहीत. साधारण ६३ अंशांना दोन जातात, ११०च्या आसपास आणखी दोन. शेवटचा एक चिवट, त्याला २०० अंश लागतात. चार गेल्यावरच रंग इतका उतरतो की उरलेला एक डोळ्याला कळत नाही. म्हणून डोळ्यावर विसंबायचं नाही. मूस गार करून तोलायची, पुन्हा पाच-सात मिनिटं तापवायची, पुन्हा तोलायची. लागोपाठ दोनदा वजन तेच भरलं की पाणी संपलं. सगळ्या प्रयोगाचा जीव या दोनदा-तेच-वजनात आहे, आणि नेमका हाच भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो.

गार करायची तीही डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणारा पदार्थ आत ठेवलेल्या बंद भांड्यात. गरम मूस तराजूवर ठेवली तर तिच्याभोवतीची हवा तापून वर चढते आणि वजन कमी भरतं. उघड्यावर गार केली तर पांढरी भुकटी हवेतलं पाणी परत ओढून घेते. जुलैत, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, मी मुलांना मुद्दाम झाकण काढून मूस डिजिटल तराजूवर ठेवायला सांगायची. शेवटचा आकडा आपोआप वाढायला लागतो. कुणी हात लावलेला नाही, काही घातलेलं नाही, तरी आकडा चढतोय. तेवढ्या पाच मिनिटांत जे समजतं ते माझ्या तासाभराच्या बोलण्याने समजत नसे.

तर आपल्या मुशीचं पहिलं वजन भरलं २६.०३. दुसऱ्यांदा २५.९७. तिसऱ्यांदाही २५.९७. इथे थांबायचं. मुशीत उरलं १.६१ ग्रॅम पांढरं कॉपर सल्फेट, उडून गेलं ०.८९ ग्रॅम पाणी. या दोन वजनांना सरळ एकमेकांनी भागून उपयोग नाही, कारण पाण्याचा रेणू हलका आणि कॉपर सल्फेट जड. देवस्थानात दानपेटीतली नाणी वजनावर मोजतात ना, तसं करायचं: रुपयांच्या ढिगाला एका रुपयाच्या वजनाने भागायचं, पाचच्या नाण्यांच्या ढिगाला पाचच्या एका नाण्याच्या वजनाने, की दोन्हींची संख्या मिळते. इथे पाण्याचं वजन १८, कॉपर सल्फेटचं १५९.६. मग ०.८९ भागिले १८ म्हणजे ०.०४९४, आणि १.६१ भागिले १५९.६ म्हणजे ०.०१०१. पहिल्याला दुसऱ्याने भागा. ४.९ येतं. रेणू अर्धेमुर्धे नसतात, म्हणून ५.

गणित एवढंच. पुस्तकं इथे संपतात, आणि मला खरं बोलायचंय ते इथून पुढे.

मोरचुदाचं उत्तर ५ हे मुलांना आधीच ठाऊक असतं. त्यामुळे जर्नलमध्ये काय येतं? ५.०१. ४.९९. एका वर्षी अख्ख्या बॅचचं ५.०० आलं. आमच्या तराजूवर एका सेंटिग्रॅमची चूक झाली तर उत्तर ०.०९ने हलतं; तिथे सगळ्यांचं ५.०० येणं म्हणजे वजनं घरी बसून उलटीकडून काढलेली. याला मुलांच्या भाषेत रीडिंग जुळवणं म्हणतात आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नाही, कारण गुण उत्तराला मिळतात. तपासणारेही पाचाशी जुळतंय का तेवढंच बघून सही करतात. मला याचा फार राग यायचा. जुळवलेल्या पाचात वाचण्यासारखं काहीच नसतं. चुकलेल्या आकड्यात असतं.

३.६ आलेला मुलगा घ्या. वर्ग हसतो. पण चार पाणी गेले आणि पाचवा मुशीतच राहिला, तर हिशेब बरोबर ३.६ देतो, करून बघा. म्हणजे त्याने तोललं नीट, फक्त आच कमी दिली. ४.४ आलं तर बहुधा पहिल्याच तापवण्यानंतर बर्नर बंद केलाय: आपल्याच उदाहरणात २६.०३ वर थांबलं असतं तर ४.४ आलं असतं. ५.४ आलं तर मुशीच्या तळाशी बघायचं. तिथे काळपट डाग असेल तर आच फार झाली, कॉपर सल्फेटच फुटून काळं कॉपर ऑक्साइड व्हायला लागलं आणि गेलेला वायू पाण्याच्या खात्यात मांडला गेला. डाग नसेल तर खडे आधीच ओले होते. आकड्यावरून मुलाचा हात ओळखता यायला लागला की प्रॅक्टिकल तपासायला मजा येते. अशा मुलांना मी पूर्ण गुण द्यायची, कारण शेजारी लिहायला लावायची: आकडा असा का आला.

आता त्या पाचाबद्दल थोडं. तापवल्यावर क्षारातून निघणारं पाणी तोलण्याचा उद्योग जुना आहे. आन्त्वान लाव्हाझिएने १७६५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे पहिला निबंध वाचला तो जिप्समवर. जिप्सम भाजलं की पाणी जातं आणि प्लास्टर घट्ट होताना तेवढंच पाणी परत घेतं, हे त्याने दाखवलं. मोरचुदाचा खडा तर त्याहून मोठ्या प्रसंगी कामी आला. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउएच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी क्ष-किरणांच्या वाटेत पहिल्यांदा जो स्फटिक ठेवला तो मोरचुदाचा. मागच्या फोटोच्या काचेवर ठिपके उमटले आणि स्फटिकात अणू रांगेने बसलेले असतात याचा पुरावा मिळाला. लाउएला १९१४चं नोबेल मिळालं. पुढे १९३४ साली बीव्हर्स आणि लिप्सन यांनी मोरचुदाची आतली मांडणीच काढली: पाण्याचे चार रेणू तांब्याच्या भोवती चौकोनात, पाचवा वेगळा, सल्फेटच्या शेजारी. म्हणजे तराजूने जो ५ दिला होता तो खरं तर ४ अधिक १ आहे. तो निळा रंगही तांब्याभोवतीच्या त्या पाण्यामुळेच. पाणी गेलं की तांबं तेवढंच राहतं, रंग मात्र जातो. थेंबभर पाणी टाका, चर्रकन आवाज येतो, मूस हाताला गरम लागते आणि निळा परत हजर. (हे स्वयंपाकघरात करून बघू नका. मोरचूद विषारी आहे, आणि तवा घरचा असतो.)

आमच्याकडच्या मुलांना मोरचूद प्रयोगशाळेत भेटायच्या आधी बागेत भेटलेला असतो. बोर्डो मिश्रण, एक टक्का: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगाच्या भीतीने फवारतात ते. मिश्रणात मोकळं तांबं राहिलंय का हे बघायला विळ्याचं पातं बुडवतात. पात्यावर लालसर थर चढला की आणखी चुना. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण त्या एक किलोत तांबं किती, असं विचारल्यावर कुणी नऊशे ग्रॅम म्हणतं, कुणी निम्मं. असतं पाव किलो, २५४ ग्रॅम. पाणी त्याहून जास्त, ३६१ ग्रॅम. शिफारशीतला एक किलो हा पाण्यासकटचा निळा किलो आहे, हे तेव्हा कळतं.

सगळ्याच क्षारांना ही रीत चालत नाही. हिराकस (आयर्न सल्फेट) तापवला तर पाणी जातंच, पण पुढे सल्फेटही फुटतं, झोंबरे वायू निघतात आणि मुशीत लाल आयर्न ऑक्साइड उरतं. काय काय उडालं ते वजनावरून वेगळं करता येत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसचा घोळ निराळा. जिप्समच्या दोन पाण्यांपैकी दीड गेलं की प्लास्टर होतं, तेव्हा टिंबापुढे अर्धा लिहितात. "मॅडम, अर्धा रेणू कसा?" अर्धा नाहीच, दोन कॅल्शियम सल्फेट मिळून एक पाणी.

टिंबापुढचं पाणी विसरण्याची किंमत मात्र बारावीला रोख मोजावी लागते. अनुमापनासाठी ऑक्झॅलिक अॅसिडचं द्रावण करायचं असतं. अॅसिडचं स्वतःचं वजन ९०, पण बाटलीतल्या स्फटिकात दोन पाणी, म्हणून हिशेब १२६चा. लिटरभर ०.१ मोलरसाठी १२.६ ग्रॅम घ्यायचे. घाईत मुलं ९ ग्रॅम घेतात, द्रावण ०.०७१चंच होतं, आणि मग तासभर ब्युरेटला दोष देत बसतात.

रीडिंग जुळवण्यावर उपाय म्हणून मी शेवटी क्षारच बदलला. मॅग्नेशियम सल्फेट घेतलं. तेही कृषी सेवा केंद्रात मिळतं, पानं पिवळी पडली की फवारतात. ते आधीही पांढरं, तापवल्यावरही पांढरं. रंग काही चुगली करत नाही. बाटलीवरचं लेबल काढून टाकलं, फक्त एवढं सांगितलं की कोरड्या क्षाराचं वजन १२०.४ धरा. मोबाइल बाहेर ठेवायला लावले. पहिल्यांदाच प्रयोगशाळेत कुणी कुणाला "तुझं किती आलं?" असं खरोखर जाणून घ्यायला विचारत होतं.

चार गट होते. फळ्यावर आकडे मांडले: ६.८, ७.०, ६.१ आणि ८.३. आता ठरवा, म्हटलं.

एक हुशार मुलगा लगेच म्हणाला, "सरासरी काढू." काढली, ७.०५ आली. वर्ग खूश. बरोबर उत्तर सातच आहे, हे मला माहीत होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही अंदाज आला होता. मी काही बोलणार तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ८.३वाल्यांच्या बर्नरजवळ जाऊन तिने ओट्यावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी पूड लागली. झाकण न ठेवता मोठी आच दिली होती, क्षार उडून बाहेर पडला होता आणि तो सगळा पाणी म्हणून मोजला गेला होता. "हे सरासरीत कसं धरायचं?" ती म्हणाली. "आणि ६.१वाल्यांनी एकदाच तापवलंय, मी बघितलंय."

त्यावरून जे भांडण झालं ते पुढच्या तासाच्या घंटेपर्यंत चाललं. सरासरीवाल्याचं म्हणणं, जास्तीची चूक आणि कमीची चूक एकमेकांना खातात. तिचं म्हणणं, या दोन चुकांचा एकमेकींशी संबंधच नाही, खाल्ल्या तर योगायोगाने. मी मध्ये पडले नाही. ८.३ खोडला गेला. ६.१वाल्यांनी तीच मूस पुन्हा बर्नरवर ठेवली, या वेळी दोनदा वजन जुळेपर्यंत. त्यांचं ६.७ आलं.